रेल्वे की कार? आधी मुक्काम ठरवा

दिवाळी आटोपली की पुण्यात पुढच्या मे महिन्याचे बेत सुरू होतात. ग्रुप टूरबरोबर एकदा युरोप बघून आलेली आणि आता दोन-तीन ठिकाणीच निवांत राहून, आपल्या मनानं फिरू म्हणणारी कुटुंबं कोथरूडपासून वानवडीपर्यंत सगळीकडे भेटतात. विमानाची तिकिटं बघून होतात, गावांची यादी होते आणि चर्चा एका प्रश्नावर अडते: तिथे रेल्वेनं फिरायचं की कार भाड्यानं घ्यायची?

पुण्यातल्या घरात उत्तर बहुतेक वेळा 'कार' असंच येतं. त्यामागे आपला भूगोल आहे. दापोली, हर्णै, गुहागर, वेळणेश्वर ही आपली सुट्टीची गावं, आणि यातल्या एकाही गावाला रेल्वे जात नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, पण ती किनाऱ्यापासून बरीच आत, डोंगरांच्या अंगानं धावते. दापोलीला जायचं तर खेडला उतरून पुढे पुन्हा रस्ता धरावा लागतो, आणि पुणेकराला त्या रेल्वेसाठी आधी पनवेल गाठावं लागतं. त्यापेक्षा पहाटे डिकी भरून ताम्हिणी घाट उतरणं केव्हाही सोयीचं. पण तोच माणूस मुंबईत दिवसभराचं काम असलं की कार घरी ठेवून डेक्कन क्वीन धरतो. १९३० पासून ही गाडी पुणेकरांना दक्षिण मुंबईच्या मध्यात नेऊन सोडते. फोर्टमध्ये पार्किंग शोधत फिरायची हौस कुणालाच नसते. म्हणजे माणूस एक, घर एक, पण जायचं कुठे यावर वाहन ठरतं.

युरोपातही नेमकं हेच आहे. 'युरोपात काय बरं?' हा प्रश्नच मुळात फार मोठा आहे, तो लहान करायला हवा. रात्रीचे मुक्काम एका कागदावर लिहून काढावेत आणि प्रत्येक मुक्कामापुढे दोन गोष्टी विचाराव्यात: या गावाच्या मध्यात रेल्वे स्टेशन आहे का, आणि आपल्याला बघायचं आहे ते गावातच आहे की आजूबाजूला विखुरलेलं आहे? एवढ्यानं निम्म्याहून जास्त वाद मिटतात.

मोठ्या शहरांचा निर्णय सगळ्यात सोपा. पॅरिस, ॲमस्टरडॅम, व्हिएन्ना, प्राग, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी यादी असेल तर कार नकोच. रोमहून फ्लॉरेन्सला जलदगाडी साधारण दीड तासात पोचते आणि स्टेशनातून बाहेर पडलात की जुनं शहर चालत जाण्याच्या अंतरावर. तेच अंतर कारनं तीन तासांच्या वर, त्यात महामार्गाचा टोल, आणि पोचल्यावर खरी अडचण सुरू होते. इटलीतल्या बहुतेक ऐतिहासिक शहरांच्या गाभ्याला 'झेडटीएल' म्हणजे मर्यादित वाहतुकीचा पट्टा आखलेला असतो. तिथे फाटक नसतं, पोलीस उभा नसतो; एक पाटी आणि वर कॅमेरा, बस्स. नकाशाचं ॲप सांगतं म्हणून आपण वळतो आणि कॅमेऱ्यात नंबरप्लेट टिपली जाते. दंडाची नोटीस कार देणाऱ्या कंपनीकडे जाते, कंपनी आपलं नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचं शुल्क आपल्या क्रेडिट कार्डावर लावते. मूळ दंड नंतर वेगळा येतो, कधी कधी पुण्यात परतून काही महिने झाल्यावर. तीन चौक चुकलात तर तीन दंड. हॉटेल त्या पट्ट्यात असेल तर हॉटेलवाले कारचा नंबर कळवून परवानगी मिळवून देऊ शकतात, पण ते आधी विचारावं लागतं. व्हेनिसला तर कार शहराच्या दारातच सोडावी लागते, पुढे पाणी. पॅरिसमध्ये २०२१ पासून बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. ज्या शहरांनी कारला बाहेर ठेवायचं ठरवलं आहे, तिथे कार घेऊन जाण्यात काही राम नाही.

आता स्वित्झर्लंड. इथे जरा थांबायला हवं, कारण आपली चूक बहुधा इथेच होते. डोंगर, घाट, छोटी खेडी हे चित्र डोळ्यांसमोर आलं की आपल्याला कोकण आठवतं आणि कार हवीच असं वाटतं. पण स्वित्झर्लंडमध्ये खेड्यापर्यंत पोचवण्याचं काम रेल्वे आणि बसनं पूर्ण केलेलं आहे. १९८२ च्या मे महिन्यात त्या देशानं सगळ्या रेल्वेगाड्यांचं वेळापत्रक एकाच तालावर बसवलं: एका मार्गावरची गाडी दर तासाला त्याच मिनिटाला सुटणार. दहा वाजून दोन मिनिटांची गाडी चुकली तर पुढची अकरा वाजून दोन मिनिटांची. पुढे बऱ्याच मार्गांवर हा ताल अर्ध्या तासाचा झाला.

त्यातली खरी कल्पकता जंक्शनांवर दिसते. मोठ्या जंक्शनला चहूबाजूंच्या गाड्या तास भरायच्या थोड्या आधी येऊन उभ्या राहतात, लोक फलाट बदलतात आणि तास उलटताच सगळ्या पुन्हा चहूकडे पांगतात. हे जमायचं तर दोन जंक्शनांमधला प्रवास एका तासात किंवा अर्ध्या तासात, थोडा वेळ हाताशी राखून, बसलाच पाहिजे. झ्युरिक ते बर्न हा प्रवास तासाहून थोडा जास्त होता, म्हणून त्यासाठी नवा मार्ग बांधला आणि २००४ च्या अखेरीस तो ५६ मिनिटांवर आणला. विक्रमी वेग गाठणं हा हेतूच नव्हता; बर्नच्या फलाटावरची पुढची गाडी मिळावी, एवढ्यासाठी तो सगळा खर्च. गावाच्या स्टेशनाबाहेर पिवळी पोस्टबस त्याच वेळापत्रकाशी जोडून उभी असते. म्हणून पाच-सात मिनिटांच्या अंतरावरची जोडगाडी बघून घाबरायचं कारण नाही. २०२४ साली स्विस रेल्वेच्या ९३ टक्के गाड्या वेळेवर पोचल्या, आणि तीन मिनिटं उशीर झाला की गाडी उशिरा, असा त्यांचा हिशोब आहे.

त्यात आणखी एक गोष्ट. स्वित्झर्लंडमधली काही लाडकी गावं कारला आत घेतच नाहीत. मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं झरमॅट घ्या. कार आधीच्या टेश गावात ठेवायची आणि शेवटचा टप्पा रेल्वेनंच जायचं. लाउटरब्रुनेनच्या दरीवरची वेंगेन आणि म्युरेन ही गावंही तशीच. म्हणजे कारचं भाडं भरायचं, महामार्गासाठी ४० फ्रँकचा वार्षिक परवाना कारवर नसेल तर तो घ्यायचा, पार्किंगचे पैसे द्यायचे आणि शेवटी रेल्वेचं तिकीटही काढायचं.

आणि रेल्वेतून जे दिसतं ते कारच्या खिडकीतून दिसत नाही. सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला उतरणारा बर्निना मार्ग हा त्याचा सर्वांत सुंदर दाखला. पुणेकराला त्याची थोरवी लवकर कळेल, कारण आपण बोरघाट जाणतो. १८६३ साली खुला झालेल्या बोरघाटात सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे एक फुटाचा आहे, आणि एवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडावी लागतात. त्या थांब्यात वडापाव खाऊन आपल्या पिढ्या मोठ्या झाल्या. बर्निनाला हाच चढ १४ फुटांमागे एक फूट आहे, आणि तरीही रुळांमध्ये दातेरी पट्टी नाही. १९१० साली पुरा झालेला हा मार्ग साध्या रुळांवर, फक्त चाकांच्या पकडीच्या भरवशावर २,२५३ मीटर उंचीची खिंड ओलांडतो. रूळ मीटरगेज, गाड्या छोट्या आणि हलक्या, वळणं इतकी आवळ की पुढच्या डब्यातून मागचे डबे सहज दिसावेत. हिमनदीपासून निघून तिरानोच्या ४२९ मीटरवर उतरताना ब्रुझिओ गावाजवळ गाडी दगडी कमानींच्या पुलावरून पूर्ण वर्तुळ घेते आणि स्वतः नुकत्याच ओलांडलेल्या त्या पुलाच्या कमानीखालून बाहेर पडते. २००८ पासून हा मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. माझं आग्रहाचं सांगणं असं की मोठ्या काचांच्या 'बर्निना एक्सप्रेस'चं जादा आरक्षण मिळालं नाही तर अजिबात हळहळू नका. त्याच रुळांवरून दिवसभर साध्या लोकल गाड्या जातात. त्यांना आरक्षण लागत नाही आणि त्यांच्या बऱ्याच डब्यांच्या खिडक्या उघडतात. फोटोत काचेवरचं स्वतःचंच प्रतिबिंब येत नाही. मधल्या आल्प ग्र्युमला उतरून तासाभरानं पुढची गाडीही धरता येते.

स्वित्झर्लंडवरचा हा विश्वास सीमेपलीकडे तसाच नेऊ नये. जर्मनीत २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांपर्यंतचा उशीर धरतच नाहीत. जुने रूळ, अपुरे मार्ग आणि वर्षानुवर्षं लांबलेली दुरुस्ती यांचा हा परिणाम. तिथे जोडगाडीसाठी निदान पाऊण तास हातात ठेवावा आणि परतीच्या विमानाच्या दिवशी तर आदल्या रात्रीच विमानतळाच्या शहरात येऊन राहावं. युरोपीय संघाच्या नियमानुसार तासाभराहून जास्त उशीर झाला तर तिकिटाच्या पाव रकमेची आणि दोन तासांपुढे निम्म्या रकमेची भरपाई मागता येते. त्यासाठी तिकीट जपून ठेवा.

पैशांकडे वळू. रेल्वे माणशी पैसे घेते, कार कारमागे. म्हणून नवरा-बायको दोघंच असतील तर शहरांमधल्या प्रवासाला रेल्वे बहुधा स्वस्त पडते; चार मोठी माणसं झाली की पारडं कारकडे झुकायला लागतं. पण नुसतं रोजचं भाडं धरून हिशोब करू नये. त्यात पेट्रोल, टोल, पार्किंग, विम्याची वाढीव रक्कम, लहान मुलाची सीट आणि एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडण्याचं शुल्क येतं. हे शेवटचं शुल्क कधी कधी सगळ्या भाड्याएवढं असतं. दुसरीकडे मुलं बरोबर असली की रेल्वेचा हिशोबही बदलतो. युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९ पासून असलेला युरेल पास आज ३३ देशांत चालतो आणि त्यावर चार ते अकरा वर्षांची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर फुकट जातात. स्वित्झर्लंडच्या पासवर आई-वडिलांबरोबर सोळा वर्षांखालची मुलं फुकट. मात्र पास घेतला की सगळं झालं असं नाही. फ्रान्सच्या टीजीव्हीला आणि इटलीच्या जलदगाड्यांना पास असला तरी जागेचं आरक्षण वेगळं, पैसे भरून करावं लागतं. दोन-तीनच लांबचे प्रवास असतील तर आगाऊ काढलेली सुटी तिकिटं बहुधा पासपेक्षा स्वस्त पडतात.

मग कार कुठे घ्यावी? जिथे बघायची गोष्ट म्हणजे रस्ताच असतो, तिथे. तोस्कानामधली टेकड्यांवरची गावं, सिएनाच्या दक्षिणेची ओर्चा दरी, प्रोव्हान्समधली लॅव्हेंडरची शेतं, आयर्लंडचा पश्चिम किनारा. तोस्कानातल्या सान जिमिन्यानोला रेल्वे नाही. क्रोएशियातल्या प्लित्वित्से तळ्यांना नाही, दुब्रोव्हनिकला नाही, आणि आइसलँडमध्ये तर प्रवासी रेल्वेच नाही. इटलीत शेतकऱ्याच्या घरी राहण्याची चांगली सोय आहे, तिला १९८५ पासून वेगळा कायदा आहे. अशी घरं मुख्य रस्त्यापासून चार-पाच किलोमीटर कच्च्या वाटेवर असतात. तिथे कारशिवाय राहणं म्हणजे अडकून पडणं. आपल्या लोकांना या घरांचा आणखी एक फायदा असा की स्वयंपाकघर मिळतं, आणि बाजारातून आणलेली भाजी, तांदूळ, दुधाचे डबे डिकीतून नेता येतात.

पहिल्यांदाच परदेशात चालवणार असाल तर स्कॉटलंड किंवा आयर्लंडचा विचार करा. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूनं, स्टिअरिंग उजवीकडे. युरोपात माल्टा आणि सायप्रसही डाव्या बाजूचे. उरलेल्या युरोपात सगळं उलट. उजव्या बाजूनं चालवायला माणूस सरळ रस्त्यावर लवकर शिकतो. चुका होतात त्या पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, रिकाम्या रस्त्याला लागताना आणि मोठ्या चौकात घड्याळाच्या उलट दिशेनं फिरताना. शेजारी बसणाऱ्यानं पहिले दोन दिवस प्रत्येक वळणाला 'उजवीकडे' म्हणून मोठ्यानं सांगायचं, ही साधी युक्ती खरंच उपयोगी पडते. फ्रान्स-जर्मनीत पाटी नसलेल्या चौकात उजव्या हातानं येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, मग तो गल्लीतून येत असला तरी. झेब्रा पट्ट्यावर माणूस उभा राहिला की थांबायचंच. महामार्गाची डावी मार्गिका फक्त ओव्हरटेकसाठी. आणि कार ऑटोमॅटिकच हवी असं बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर गिअरची मिळण्याची शक्यता मोठी आणि गिअर उजव्या हाताला.

कागदांचं काम पुण्यातच होतं. आरटीओकडून, म्हणजे पुणेकरांना संगम पुलाजवळच्या कार्यालयातून, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा. सरकारी शुल्क एक हजार रुपये, अर्ज परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावरून. १९४९ च्या जिनिव्हा करारात भारत असल्यानं तो युरोपातल्या बऱ्याच देशांत चालतो. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, म्हणून फार आधी काढून ठेवू नये. तो मूळ लायसन्सचा जोडकागद आहे, एकटा उपयोगाचा नाही. दोन्ही बरोबर हवेत. काउंटरवर चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात आणि अनामत म्हणून त्यावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात. बायकोच्या कार्डावर बुकिंग आणि चालवणार नवरा, असं केलं तर कार मिळत नाही. छोट्या गावातल्या कार कंपन्यांची कार्यालयं दुपारी आणि रविवारी बंद असतात, हेही ध्यानात ठेवा.

या सगळ्याच्या वर मला महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे बरोबर कोण आहे. आजी-आजोबा असले आणि गुडघे दुखत असले, तर जिने, फलाट आणि गाडीच्या उंच पायऱ्या यांचा विचार आधी व्हायला हवा. युरोपातल्या स्टेशनांवर हमाल नसतात, गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते आणि आपल्या मोठ्या बॅगा आपल्यालाच चढवाव्या लागतात. रेल्वेनं जायचं तर माणशी एकच, उचलता येईल अशी बॅग. पण कार घेतली की घरातला एक जण, बहुधा मुलगा किंवा जावई, सगळी सुट्टी रस्त्याकडे बघण्यात घालवतो. बर्फाची शिखरं मागच्या सीटवरचे बघतात, तो मात्र पुढचं वळण बघत असतो. त्याच्या आनंदाचाही हिशोब घरात बसून व्हायला हवा, आणि दोघांचं नाव चालक म्हणून लावता येत असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे जरूर द्यावेत. मुंबईहून रात्रभर विमानात बसून उतरल्यावर त्याच सकाळी कोणीही स्टिअरिंग हातात घेऊ नये. पहिली रात्र शहरात, कारशिवाय.

बहुतेक कुटुंबांना शेवटी दोन्हींचा मेळ घालावा लागतो आणि तोच सर्वांत चांगला प्रवास होतो. शहरं आणि स्वित्झर्लंड रेल्वेनं. मध्ये तीन-चार दिवस तोस्काना किंवा प्रोव्हान्स, तेवढ्यापुरती कार. ती शहराच्या मध्यातून न घेता विमानतळावरून किंवा रेल्वेनं गाठलेल्या लहान गावातून घ्यायची आणि तिथेच परत द्यायची.

बुकिंगचा क्रम मात्र व्हिसा ठरवतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने करता येतो आणि निकालाला साधारण पंधरा दिवस, कधी ४५ पर्यंत लागतात. जलदगाड्यांची सर्वांत स्वस्त तिकिटं परत होत नाहीत, कार मात्र बऱ्याचदा पैसे न कापता रद्द करता येते. म्हणून कार आणि रद्द होणारी हॉटेलं आधी धरून अर्ज लवकर करायचा, आणि पासपोर्टवर शिक्का आला की त्याच संध्याकाळी रोम-फ्लॉरेन्ससारख्या जलदगाड्यांची तिकिटं काढायची. स्वित्झर्लंडमधल्या साध्या गाड्यांच्या तिकिटांची घाई नाही. ती तिथल्या फलाटावर उभं राहून काढली तरी मिळतात.